घोरण्याची जाहिरात

गाद्यांच्या त्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी त्याला आत्याचं घोरणं ऐकू यायचं, मग दुकानदार दिसायचा. ही व्यवस्था दुकानदारानं, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावानं, दादानं, मुद्दाम केलेली होती. दुकानाच्या मागच्या भागाला पडदा लावलेला. पडद्यामागे नमुन्याची सगळ्यात जाड गादी. दुपारचं जेवण झालं की आत्या त्या गादीवर आडवी व्हायची. गिऱ्हाईक कापड चाचपतंय, दरावरून कां-कूं करतंय असं दिसलं की दादा ओठांवर बोट ठेवायचा आणि पडद्याकडे मान उडवायचा. "ऐका! ही आमच्या गादीवरची झोप. दिवसाढवळ्या, बाहेर ट्रक बोंबलत असताना. तुमच्या घरी लागते का कुणाला अशी?" निम्मी गिऱ्हाइकं तिथंच पाघळायची.

घोरणं म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे चांगली गादी, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. आजोबा घोरायचे, वडील घोरायचे, दादा घोरायचा. जो घोरत नाही तो मनात काहीतरी काळंबेरं ठेवून झोपतो, असं दादाचं ठाम मत होतं. वहिनी लग्न होऊन आली आणि ती अजिबात घोरत नाही हे कळलं, तेव्हा सासऱ्यांनी काळजीपोटी तिच्या गादीतला कापूस पुन्हा पिंजून दिला होता. तरीही ती घोरली नाही. घोरणार कशी? बिचारीला झोपच लागत नव्हती. एवढ्या सगळ्यांच्या मध्ये कोण झोपणार?

या सगळ्यांत आत्याचा नंबर पहिला. गल्लीत तिला इंजिन म्हणायचे आणि तीही ते मानानं मिरवायची. अंगानं भरलेली, बोलायला तोफ, हसायला लागली की खोळी शिवणाऱ्या समोरच्या शिंप्याचं मशीन थांबायचं. हाताला मात्र तोड नव्हती. गादी भरून झाली की हातभर लांब दाभण घेऊन ती टाके घालायला बसायची. वरून खुपसलेली दाभण खाली नेमकी हव्या त्या जागी निघायची आणि टाक्यांची ओळ अशी सरळ यायची की गिऱ्हाइकाला वाटावं, पट्टी ठेवून मारलेत. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "देवानं डोक्यातलं सगळं हातात घातलं. माझं डोकं म्हणजे उशी. दुसऱ्यांनी टेकायच्या कामाची."

हे डोक्याचं प्रकरण जुनं होतं. आत्या लहानपणी शाळेत जायची. जायची म्हणजे शरीरानं जायची. पहिली काही वर्षं बरी गेली. मग अंगानं वाढायला लागली तशी बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. बाईंनी उभं केलं तर उभ्या उभ्या मिटायचे. सकाळी पाठ केलेलं दुपारी हवेत. शेवटी वडिलांना बोलावणं आलं आणि वडिलांनी घरी येऊन निकाल दिला, की पोरीचं डोकं चालत नाही, हात चालतात, उगाच बाक झिजवण्यात अर्थ नाही. आत्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. आपल्याला त्याचं काहीच वाटलं नाही असं ती सांगायची. सांगायची, एवढंच.

वाटायचं ते एकाच गोष्टीचं. वर्गातल्या बाई दर शनिवारी शेवटच्या तासाला एका जाडजूड पुस्तकातून एकच गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवायच्या. एका पोस्टमनची गोष्ट. त्याच्या पिशवीत एक पार्सल असतं. पार्सलावरचं नाव पुसलेलं असतं, आणि ते कुणाचं आहे हे शोधत तो गावोगाव फिरतो. आत्याला दर वेळी मध्येच झोप लागायची. शेवटच्या शनिवारी तर तिनं ठरवलंच होतं की काय वाटेल ते होवो, जागायचं. मांडीला चिमटे काढले. तरी जाग आली ती टाळ्यांच्या आवाजानं, गोष्ट संपली होती. "पार्सलात काय होतं गं?" तिनं शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "झोपलीस ना? मग आता बस." पुढच्या आठवड्यात शाळाच सुटली. ते पार्सल आत्याच्या मनात तसंच बांधलेलं राहिलं.

आता दादाची मुलगी तेरा वर्षांची झाली होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला बटण म्हणायचे, तेच नाव राहिलं. शाळेतून आली की दप्तर टाकून बटण पडद्यामागे आत्याच्या कुशीत शिरायची. "पोस्टमनची सांग." आत्या सांगायची. शेवट माहीत नसल्यामुळे तिचं काही अडत नव्हतं. ती रोज पार्सलात नवीन काहीतरी घालायची आणि पोस्टमनला नव्या दारात उभा करायची. गोष्ट संपता संपता पडद्यामागून दोन सुरांत घोरणं सुरू व्हायचं आणि बाहेर दादा मिशीतल्या मिशीत हसायचा. जाहिरात आता डबल झाली होती.

खरं तर बटण लहानपणी चुणचुणीत होती. रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची नाही, बापाच्या बेरजेतली चूक गिऱ्हाइकासमोर काढायची. मग दोनेक वर्षांत काहीतरी बिनसलं. तोंड सदा उघडं. आवाज सर्दी झाल्यासारखा. सकाळी उठली की डोकं धरून बसायची. दोरा आणायला पाठवली तर साबण घेऊन यायची, आणि कुणी हसलं तर अंगावर धावून जायची. शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षक भले गृहस्थ होते, त्यांनी शब्द जपून वापरले. मुलगी वर्गात झोपते, सांगितलेलं टिकत नाही, पुढचं वर्ष तिला झेपेल असं वाटत नाही.

दादा घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "आत्यावर गेलीय. घराण्याचा गुण आहे, त्याला काय करणार? वर्ष संपलं की बसव तिला तुझ्या शेजारी. हातात कला आली की झालं." त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. उलट बहिणीचा गौरवच केला असं त्याला वाटत होतं. आत्या सवयीनं हसली. पण त्या दुपारी गादीवर पडल्या पडल्या बटणनं हळूच विचारलं, "आत्या, माझं पण डोकं उशी झालंय का गं?" आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आत्याला आपलाच विनोद घशात अडकल्यासारखा झाला. तिनं नुसतं पोरीला जवळ ओढलं.

मग एक दिवस दुकानात एक उंच बाई आल्या. चांगली दुहेरी गादी हवी होती, पैशांची घासाघीस करणाऱ्या दिसत नव्हत्या. दादा खूश. आत्या त्या दिवशी घाईची गादी पुरी करायची म्हणून पुढेच टाके घालत बसली होती. पडद्यामागे नुसतं धाकटं इंजिन होतं. दादानं ओठांवर बोट ठेवलं, मान उडवली. "ऐका!"

बाई ऐकायला लागल्या. लोक एरवी क्षणभर ऐकून हसायचे. या हसल्या नाहीत, ऐकतच राहिल्या. घोरणं वर वर चढलं आणि पटकन थांबलं. सगळं चिडीचूप. मग घशात काहीतरी अडकून सुटावं तसा मोठा आचका आला आणि पुन्हा घोरणं सुरू झालं. बाईंनी पुढे होऊन पडदाच बाजूला केला.

"कधीपासून अशी घोरते ही?"

"तशी लहानपणापासूनच तयारी आहे," दादा अभिमानानं म्हणाला. "पण खरा सूर लागला तो या दोन वर्षांत."

"आणि मध्ये हे थांबतं ते?"

"तो ठेका आहे आमच्यात."

"सकाळी डोकं दुखतं का हिचं? शाळेत झोपते? विसरायला होतं?"

आत्याची दाभण गादीत अर्धी खुपसलेली होती, ती तिथंच राहिली. हे प्रश्न बटणबद्दल होते हे तिला कळत होतं. तरी प्रत्येक प्रश्नाला तिच्याच तोंडातून 'हो' बाहेर पडायला बघत होतं.

"मी नाक-कान-घशाची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "गादीचं मग बघू. उद्या मुलीला दवाखान्यात घेऊन या." आणि त्या गेल्या. दादा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. "काय बाई आहे! नाकानं कांदे सोलते नुसती. एवढं चांगलं गिऱ्हाईक हातचं गेलं." त्या दिवशी जाहिरात पहिल्यांदाच उलटली होती.

दुसऱ्या दिवशी बटणला घेऊन आत्याच गेली. दादाला दुकान होतं आणि वहिनीला रक्त नुसतं आठवलं तरी घेरी यायची. डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक नळी घालून बघितलं, फोटो काढला, आणि तो उजेडासमोर धरून आत्याला दाखवला. नाकाच्या मागे, घशाच्या वर मांसाची एक गाठ होती. ती लहान मुलांना असतेच, या वयात आक्रसायला लागते. बटणची मात्र फुगलेली होती आणि घराखालच्या पिंजायच्या यंत्रातून घरभर पसरणारी कापसाची धूळ तिला रोज खतपाणी घालत होती.

"झोपली की हिचा श्वास अडतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अडला की मेंदू घाबरून हिला जरासं जागं करतो. हिला ते कळतही नाही. पुन्हा झोप, पुन्हा अडणं. रात्रभर तेच चाललंय. तुम्हाला वाटतं पोर गाढ झोपलीय, आणि ती बिचारी रात्रभर झगडत असते. आता या वयात दिवसभर शिकलेलं नीट लावून ठेवायचं काम मेंदू झोपेत करतो. त्यात सारखा खो बसला, तर लक्ष लागत नाही, आठवत नाही, चिडचिड होते."

"म्हणजे हिचं डोकं चालतं?" आत्यानं विचारलं.

"ते कसं चालतं हे अजून कुणाला बघायलाच मिळालेलं नाही. आधी ती गाठ कापून काढू, श्वास मोकळा करू, मग बोलू. सगळंच नाकामुळे झालंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण असा श्वास घेऊन मला झोपवलीत तर चार दिवसांत मीही औषधांची नावं विसरेन."

आत्या उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "डॉक्टर, समजा एखादी मुलगी अशीच होती, आणि कुणी काही केलंच नाही, आणि ती मोठी झाली... तर?"

"ती मुलगी हीच," बटणनं लगेच बोट दाखवलं. "हिला इंजिन म्हणतात."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तेव्हा काय झालं होतं, ते आज मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू? पण आता काय चाललंय ते बघता येईल. तुमचीही तपासणी करू."

बाहेरच्या बाकावर आत्या जरा वेळ बसून राहिली. तिला राग आला होता. आत्याला राग येतो हे तिचं तिलाही नवीन होतं. आयुष्यभर तिनं सगळं हसण्यावारी नेलं होतं, कुणी काही म्हणायच्या आधी स्वतःच स्वतःची टर उडवली होती. आणि आता कळत होतं की ती मंद नसेलही, नुसती झोपेला मुकलेली असेल. राग नेमका कुणावर काढायचा ते मात्र समजेना. वडील गेले, शाळेतल्या बाई गेल्या, कुणाला काही माहीत नव्हतं. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं, नाक जोरात शिंकरलं आणि बटणला म्हणाली, "चल. तुझ्या बापाशी मारामारी करायचीय."

मारामारी झालीच. "घोरणं हा आजार?" दादा गरजला. "मग आपलं अख्खं घराणंच आजारी म्हणायचं!"

"लग्न झाल्यापासून मी तेच म्हणतेय," वहिनी आतून म्हणाली.

"आणि पोरीच्या घशात सुरी घालायची? कशासाठी? दोन यत्ता पुढे जाण्यासाठी? तुला यातलं काय कळतं?"

हे शेवटचं वाक्य त्या घरात रोज कुणी ना कुणी आत्याला म्हणायचं आणि तिथं विषय संपायचा. त्या दिवशी संपला नाही. आत्यानं दादाचा हात धरला आणि त्याला पडद्यामागे नेलं. बटण नुकतीच झोपली होती. "खाली बस. आता ही श्वास घेईल तसा तूही घे. ही थांबली की थांब. ही घेईपर्यंत घ्यायचा नाही."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"बस म्हणते ना!"

दादा बसला, जरा चेष्टेतच. बटणबरोबर श्वास घेऊ लागला. घोरणं चढत गेलं आणि थांबलं. दादानंही श्वास धरला. पोरीची छाती वर-खाली धडपडत होती, पण नाकातोंडातून वारा म्हणून जात नव्हता. दादाचा चेहरा लाल झाला. त्यानं गादीची कड घट्ट धरली. डोळे बाहेर यायला लागले, आणि शेवटी त्याच्यानं राहवेना. त्यानं भसकन श्वास सोडला. बटण अजून तशीच होती. दादानं दोन-तीन श्वास घेतले तेव्हा कुठं तिचा तो आचका आला.

"परत कर," आत्या म्हणाली.

"नको," दादा म्हणाला. तो उठायला लागला आणि जमलंच नाही म्हणून तिथंच जमिनीवर बसून राहिला. "मी ठेका म्हणायचो गं याला," तो म्हणाला. "लोकांना बोलावून बोलावून ऐकवायचो." आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. आत्यानं त्याला रडू दिलं. मग त्याच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "ऊठ. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."

शस्त्रक्रिया झाली. छोटीच होती, पण दवाखान्याच्या दारात दादानं एवढ्या येरझारा घातल्या की पहारेकऱ्यानं त्याला खुर्ची आणून दिली. कापूस पिंजायचं यंत्र घराखालून हललं आणि गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये गेलं. घरी आल्यावर बटण पहिल्यांदा नमुन्याच्या गादीवर झोपली, तर आवाजच नाही. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. दर थोड्या वेळानं तो आत जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायचा. शेवटी बटणच डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, जिवंत आहे मी. बोटाला कापसाचा वास येतो तुमच्या." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दादाचा हात सवयीनं ओठांवर गेला, मान उडाली, आणि पडद्यामागे शुकशुकाट. दादा दोन क्षण गडबडला, मग म्हणाला, "ऐकू येतंय का काही? नाही ना? अशी शांत झोप लागते आमच्या गादीवर!" धंदेवाईक माणूस, कुठंही पडला तरी गादीवरच पडणार.

आत्याचं काम इतकं सोपं नव्हतं. तिला झोपताना लावायला एक यंत्र मिळालं, नाकावर मुखवटा आणि पुढे लांब नळी. हत्तीची सोंड म्हणून घरात पहिले आठ दिवस करमणूक झाली. मग एका सकाळी आत्या उठली आणि बराच वेळ अंथरुणात बसून राहिली. काहीतरी हरवलंय असं तिला वाटत होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं की रोजचं ते डोक्यातलं ओझं आज नाहीये. वहिनी त्या दिवशी उशिरा उठली. लग्नानंतर पहिल्यांदाच उशिरा उठली. दादाला तपासणीबद्दल विचारलं तर तो अजून "बघू" म्हणतो.

बटणचा पहिला नंबर वगैरे काही आला नाही, तसलं सिनेमात होतं. पण हळूहळू दोरा सांगितला की दोराच यायला लागला. सकाळची डोकेदुखी गेली. दुपारची झोप सुटली आणि तिच्याबरोबर पोस्टमनची गोष्टही सुटली. बापाच्या बेरजेतली चूक ती पुन्हा गिऱ्हाइकासमोर काढायला लागली, आणि दादा आता त्यावर पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवायचा. वर्ष संपलं आणि ती वरच्या वर्गात गेली. टाके घालायला बसवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. घरात काही ठरवायचं असलं की दादा अलीकडे आत्याकडे बघून "तुला काय वाटतं?" असं विचारायचा, आणि मग तिला जे वाटतं ते ऐकून वैतागायचा.

एके दिवशी दुपारी बटण शाळेतून आली ती धावतच. शाळेच्या वाचनालयातलं एक जाडजूड, पाठ निखळलेलं पुस्तक तिनं आत्यापुढे धरलं. "पोस्टमन! तुझाच. पार्सलसकट!"

आत्या समोर पसरलेल्या गादीवर टाके घालत होती. "वाच," ती म्हणाली. बटण वाचायला लागली. दादा गल्ल्यावरून उठून आला, वहिनी दाराला टेकून उभी राहिली. गावांमागून गावं गेली, पोस्टमनचे जोडे झिजले. आत्याचे हात चालत होते आणि डोळे टक्क उघडे होते. जिथं मान पडायची, जिथून पुढचं कधी ऐकलंच नव्हतं, ती जागा आली आणि गेली. आत्या अजून जागी होती. शेवटी एका डोंगरावर पोस्टमननं पार्सल उघडलं. आत आरसा होता. पुढे दीड पान उपदेश होता, की माणसानं बाहेर न शोधता स्वतःकडे पाहावं वगैरे.

बटणनं पुस्तक मिटलं.

"आरसा?" आत्या म्हणाली. "एवढी पायपीट करून आरसा? अरे, या आरशासाठी मी आयुष्यभर झुरले!" ती हसायला लागली, आणि समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं पुसलं नाही. "मला वाटायचं, सगळ्या वर्गाला काहीतरी मोठं कळलं आणि मी एकटीच त्याला मुकले. माझी पार्सलं याच्यापेक्षा कितीतरी चांगली होती! होती की नाही गं?"

बटणनं मान हलवली. मग म्हणाली, "मला नाही माहीत."

"नाही माहीत काय? रोज सांगितली की तुला! दोन-दोन वर्षं!"

"सांगितलीस. पण पार्सल उघडायच्या आधी मला झोप लागायची, आत्या. एकदाही शेवट ऐकला नाही मी." ती आत्याला खेटून बसली. "तुझ्या पार्सलात काय होतं?"

आत्यानं दोरा तोडला, दाभण गादीत खोचून ठेवली, आणि पोस्टमनला पहिल्या दारापाशी उभं केलं.